‘इनफ’ कुठं बसवायचा

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या मराठी शाळांत ‘इनफ’ हा इंग्रजी शब्द आला की पोरं धड्याच्या समासात पेन्सिलीनं एकच शब्द लिहितात: ‘पुरेसा’. त्या एका शब्दावर पुढची दहा-बारा वर्षं निघतात. पदवी हातात येते, नोकरीचा अर्ज लिहायची वेळ येते आणि ‘आय अ‍ॅम इनफ एक्स्पीरियन्स्ड’ असं वाक्य कागदावर उतरतं. मराठीत ‘पुरेसा अनुभवी’ हे सरळ आहे ना, म्हणून. इंग्रजीत तिथं ‘एक्स्पीरियन्स्ड इनफ’ लागतं, नाहीतर ‘आय हॅव इनफ एक्स्पीरियन्स’.

समासातला तो अर्थ खरा आहे, पण अर्धा. इनफ नामाबरोबर आला तर तो ‘पुरेसा’, आणि विशेषणाबरोबर आला तर तो ‘इतपत’. मराठीत या दोन कामांना दोन वेगळे शब्द आहेत. इंग्रजीत शब्द एकच, त्यामुळं तो कोणतं काम करतोय हे त्याच्या जागेवरून ओळखायचं. जागा चुकली की वाक्य मोडतं, किंवा मोडत नाही पण भलताच अर्थ सांगतं. दुसरा प्रकार जास्त त्रासाचा, कारण चूक झाली हे कळतही नाही.

नामाचं प्रकरण लवकर आटोपतं. शाळेच्या व्याकरणात ज्याला परिमाणवाचक विशेषण म्हणतात, तसा हा नामाच्या आधी बसतो: ‘इनफ राइस’, ‘इनफ टाइम’, ‘इनफ चेअर्स’. मोजता येणारी वस्तू असेल तर नाम अनेकवचनी आणि क्रियापदही अनेकवचनी: ‘देअर आर इनफ चेअर्स’. भात, पाणी, वेळ असलं काही असेल तर एकवचन: ‘देअर इज इनफ राइस’. त्याच्या आधी ‘अ’ किंवा ‘अ‍ॅन’ येत नाही. मध्ये ‘ऑफ’ही येत नाही, म्हणून ‘इनफ ऑफ राइस’ चुकीचं. इनफनंतर ‘द’, ‘धिस’, ‘माय’ असा शब्द किंवा सर्वनाम असेल तरच ‘ऑफ’ लागतं: ‘इनफ ऑफ द राइस’, ‘नॉट इनफ ऑफ देम’.

इथं मराठी माणसाची एक ठरलेली चूक नकारात होते. ‘माझ्याकडं पुरेसा वेळ नाही’ यातला ‘नाही’ थेट ‘नो’ होऊन बसतो आणि ‘आय हॅव नो इनफ टाइम’ तयार होतं. ‘नो’ आणि इनफ एकाच नामाला एकत्र लागत नाहीत. नकार क्रियापदावर टाका: ‘आय डोन्ट हॅव इनफ टाइम’. किंवा ‘नॉट’ वापरा: ‘देअर इज नॉट इनफ टाइम’. दुसरी अडचण ‘जागा’ या शब्दाची. बसमध्ये जागा पुरत नाही, हे इंग्रजीत सांगताना आधी ठरवावं लागतं की कसली जागा. बसायची असेल तर ‘नॉट इनफ सीट्स’. उभं राहायला, पिशवी ठेवायलाही नसेल तर ‘नॉट इनफ रूम’, आणि या अर्थाच्या ‘रूम’ला अनेकवचन नाही. ‘नॉट इनफ रूम्स’ म्हटलं तर लॉजमधल्या खोल्या कमी पडल्या असा अर्थ होतो.

आता विशेषण. खरा घोळ इथं आहे, आणि त्यावर उपायही मराठीतच पडून आहे.

शब्दकोशात ‘पुरेसा’ दिलेलं असल्यामुळं मुलं ‘पुरेसं मोठं’ म्हणून ‘इनफ बिग’ लिहितात. पण घरात, बाजारात आपण ‘पुरेसं मोठं’ असं किती वेळा म्हणतो? आपण म्हणतो, ‘वाचता येण्याइतपत मोठं अक्षर काढ’, ‘मुलाला कळेल एवढं सोपं करून सांग’, ‘हा आंबा अजून खाण्याजोगा झाला नाही’. इतपत, एवढा, जोगा. विशेषणाबरोबरच्या इनफचे खरे मराठी जोडीदार हे आहेत. आपल्याकडं कानडीही घरोघर चालते, आणि तिथंही हेच आहे: ‘ओदुवष्टु दोड्डदु’, म्हणजे वाचण्याइतपत मोठं. तो ‘अष्टु’ म्हणजे आपला ‘इतपत’. ‘साकष्टु’ या कानडी शब्दाच्या पोटातही तोच बसलाय.

एकदा ‘इतपत’ सापडला की जागेचा नियम पाठ करायची गरज उरत नाही. मराठी तुकडा शेवटाकडून वाचायचा. ‘वाचण्या – इतपत – मोठं’ हे उलटं वाचा: मोठं, इतपत, वाचण्या. ‘बिग इनफ टु रीड’. झालं. ‘उचलण्याइतपत हलकं’ म्हणजे ‘लाइट इनफ टु लिफ्ट’. ‘ऐकू येण्याइतपत मोठ्यानं’ म्हणजे ‘लाउडली इनफ टु बी हर्ड’. कुंदा या मिठाईसाठी दूध आटवत असताना ‘ढवळताना कढईचा तळ दिसण्याइतपत घट्ट’ असं सांगायचं असेल तर आधी ‘थिक’, मग इनफ, मग बाकीचं. मराठी आणि इंग्रजी इथं आरशासारख्या समोरासमोर उभ्या आहेत. दर वेळी विशेषण आधी, इनफ त्याला चिकटून मागं, आणि कशासाठी ते ‘टु’ लावून शेवटी.

‘कोणाला’ हेही सांगायचं असेल तर ‘फॉर’ येतो, आणि तो ‘टु’च्या आधी बसतो. ‘लहान मुलाला कळण्याइतपत सोपं’ म्हणजे ‘ईझी इनफ फॉर अ चाइल्ड टु अंडरस्टँड’. इथं आरसा थोडा हलतो, कारण मूल आणि कळणं यांचा क्रम इंग्रजीत मराठीसारखाच राहतो. एवढा एक अपवाद लक्षात ठेवला की पुरे. आणि शेवटी ‘इट’ जोडू नका. ‘द मँगो इज राइप इनफ टु ईट’ इथं वाक्य संपतं. ‘टु ईट इट’ म्हटलं की आंबा दोनदा आला. मराठीतून विचार केला तर ही चूक होत नाही. ती होते कारण शाळेत ‘सकर्मक क्रियापदाला कर्म हवंच’ हे घोटून घेतलेलं असतं.

आरशाची सर्वात मोठी मदत नकाराच्या वाक्यात होते. खानापूरकडं पावसाळ्यात ओढ्यावरचे कमी उंचीचे पूल पाण्याखाली जातात. त्यावर ही दोन वाक्यं बघा. ‘पाण्यात गाडी न घालण्याइतपत तो शहाणा होता.’ आणि ‘पाण्यातून गाडी काढण्याइतपत तो तरबेज नव्हता.’ पहिल्यात ‘न’ कृतीला जोडलाय, दुसऱ्यात नकार गुणाला. इंग्रजीतही ते तसंच वेगळं ठेवावं लागतं: ‘ही वॉज वाइज इनफ नॉट टु क्रॉस’ आणि ‘ही वॉज नॉट स्किल्ड इनफ टु क्रॉस’. ‘नॉट’ कुठल्या बाजूला बसला यावर एक माणूस शहाणा ठरतो आणि दुसरा कच्चा.

आता तो प्रकार, ज्यात वाक्य मोडत नाही पण अर्थ फिरतो. समजा लग्नाच्या स्वयंपाकासाठी भांडी भाड्यानं घ्यायची आहेत आणि हॉलवाल्याला इंग्रजीत मेसेज करायचाय: तुमच्याकडं पुरेशी मोठी पातेली आहेत का? मराठी वाक्यातच दोन अर्थ आहेत. पाचशे माणसांचा भात मावेल एवढं एकेक पातेलं मोठं आहे का, हा एक. मोठी पातेली संख्येनं पुरतील का, हा दुसरा. मराठीत समोरासमोर बोलताना हातवाऱ्यानं निभावतं. इंग्रजीत जागेनं ठरतं. ‘इनफ बिग पॉट्स’ म्हणजे मोठी पातेली पुरेशा संख्येनं. ‘बिग इनफ पॉट्स’ म्हणजे पातेल्याचा आकार पुरेसा मोठा. चार पातेली हवी होती आणि आकाराबद्दल विचारलं, तर ‘येस’ असं उत्तर येईल आणि पातेलं एकच असेल. इनफ ज्याला चिकटतो त्याचंच माप घेतो. ‘बिग’च्या मागं चिकटला तर मोठेपणाचं, ‘बिग पॉट्स’ या जोडीच्या पुढं बसला तर त्या जोडीच्या संख्येचं.

एकवचनी नाम असेल तर ‘अ’ सर्वांत पुढं जातो: ‘अ बिग इनफ हॉल’. मागं शेपूट जोडायची असेल, पाचशे माणसांसाठी वगैरे, तर ‘अ हॉल बिग इनफ फॉर फाइव्ह हंड्रेड पीपल’ हे जास्त सुटसुटीत. क्रियापदाबरोबर इनफ मागं बसतो: ‘यू डोन्ट ईट इनफ’, ‘ही डिडन्ट स्टडी इनफ’. जुन्या किंवा साहित्यिक इंग्रजीत तो नामाच्याही मागं गेलेला दिसतो, ‘टाइम इनफ’ असा. वाचताना ओळखा, लिहिताना वापरू नका.

पुढची चूक वाक्याच्या शेवटी होते आणि ती आपल्या दोन्ही भाषांमुळं होते. मराठीत आपण म्हणतो ‘धरणात पाणी पुरेसं नाही’. कानडीत ‘नीरु सालोदिल्ल’. दोन्हीकडं पाणी कर्ता, आणि पुरेसं असणं-नसणं शेवटी. मग बेळगाव शहराला पाणी पुरवणाऱ्या राकसकोप जलाशयाबद्दल लिहिताना ‘द वॉटर इन राकसकोप इज नॉट इनफ’ असं वाक्य होतं. अर्थ कळतो, पण इंग्रजीच्या कानाला ते अवघडलेलं लागतं. तिथली सहज रचना ‘देअर इजन्ट इनफ वॉटर इन राकसकोप’ अशी आहे. कर्ता नाम असेल, भात, पाणी, पैसा, खुर्च्या असं काही, तर वाक्य ‘देअर इज’, ‘देअर आर’नं सुरू करा आणि इनफ नामापुढं ठेवा. कर्ता सर्वनाम असेल तर शेवटी चालतो: ‘धिस इज इनफ’, ‘दॅट वॉज इनफ’. मोजून दिलेली रक्कम किंवा माप असेल तरीही चालतो: ‘टू हंड्रेड रुपीज इज इनफ’, ‘टू लिटर्स इज इनफ’. दोनशे रुपये ही एकच रक्कम मानली जाते, म्हणून क्रियापद एकवचनी.

याच्याच शेजारी ‘कमी’ राहतो. ‘भाजीत मीठ कमी आहे’ याचं ‘सॉल्ट इज लेस’ हे भाषांतर आपल्याकडं इतकं रुळलंय की चूक वाटत नाही. पण ‘लेस’ हा तुलनेचा शब्द आहे. कशापेक्षा कमी, असा प्रश्न तो मागं सोडतो. गरजेला कमी पडतंय असं म्हणायचं असेल तर इंग्रजीत इनफचा नकार वापरतात: ‘देअर इजन्ट इनफ सॉल्ट इन इट’. मराठीतलं ‘कमी पडणं’ हे क्रियापद बहुतेक वेळा असंच उलटवावं लागतं. पैसे कमी पडले, माणसं कमी पडली, खत कमी पडलं; सगळीकडं ‘नॉट इनफ’.

पंगतीचं वेगळं सांगायला हवं, कारण तिथं व्याकरण बरोबर असूनही माणूस दुखावतो. आपल्याकडं वाढणारी पुढं आली की ‘बास बास, किती वाढायलीस!’ म्हणायचं, कानडी घरात ‘साकु बिडी’ म्हणायचं. दोन्हींत प्रेम आहे. ते बघून इंग्रजीत नुसतं ‘इनफ!’ म्हटलं तर ते ‘गप्प बस’ म्हटल्यासारखं ऐकू येतं. वर्गात गोंगाट करणाऱ्या पोरांवर ओरडताना ते चालतं. ताटावर ‘दॅट्स इनफ, थँक यू’ किंवा ‘आय हॅव हॅड इनफ, थँक यू’ म्हणा. ‘थँक यू’ गाळू नका, त्यावरच सूर ठरतो. आणि या दुसऱ्या वाक्याला ‘ऑफ’ जोडू नका. ‘आय हॅव हॅड इनफ ऑफ इट’ म्हणजे मला याचा वीट आला. ‘मला पुरे’ याचं ‘आय अ‍ॅम इनफ’ही करू नका. त्याचा अर्थ मी स्वतः पुरेसा आहे असा होतो, पोट भरण्याशी त्याचा संबंध नाही.

‘टू’ आणि इनफ यांची अदलाबदलही नेहमीची. इनफ गरजेपर्यंत पोहोचतो, ‘टू’ मर्यादेच्या पलीकडं जातो. ‘चहा पिण्याइतपत गरम आहे’ हे ‘हॉट इनफ टु ड्रिंक’, आणि ‘पिववत नाही इतका गरम’ हे ‘टू हॉट टु ड्रिंक’. मराठीत ‘इतका’ दोन्हींत येऊ शकतो, म्हणून गोंधळ होतो. ओळखायची खूण अशी: पुढचं काम होणार असेल तर इनफ, होणार नसेल तर ‘टू’. मतदानाचं वय घ्या. १९८८ च्या ६१ व्या घटनादुरुस्तीनं ते २१ वरून १८ वर आणलं. अठरा पूर्ण झालेली मुलगी ‘ओल्ड इनफ टु व्होट’. सतरा वर्षांची ‘टू यंग टु व्होट’, किंवा तेच उलट बाजूनं ‘नॉट ओल्ड इनफ टु व्होट’. ‘टू’ विशेषणाच्या पुढं, इनफ मागं. जागाही उलटी, विशेषणही उलटं, अर्थ तोच. ‘व्हेरी’चा या दोघांशी काही संबंध नाही. ‘व्हेरी यंग टु व्होट’ हे वाक्य होत नाही.

इनफला तर-तम भाव नाही. ‘मोअर इनफ’, ‘व्हेरी इनफ’, ‘इनफ मच’ असलं काही चालत नाही. पुरून उरेल म्हणायचं तर ‘मोअर दॅन इनफ’. जेमतेम म्हणायचं तर ‘जस्ट इनफ’; पुरतंय की नाही अशी धाकधूक असेल तर ‘बेअरली इनफ’. ‘पुरून उरणे’ हे आपलं क्रियापद इतकं नेमकं आहे की त्याच्या जवळ जाणारं काही शोधायला इंग्रजीतही ‘इनफ अँड टु स्पेअर’ असा अख्खा वाक्प्रचार लागतो. आणि ‘कामापुरतं इंग्रजी येतं’ या वाक्याला ‘आय नो इनफ इंग्लिश टु गेट बाय’ हे चपखल बसतं.

आता भावंडं: ‘सफिशियंट’, ‘अ‍ॅडिक्वेट’, ‘अँपल’. चौघांना मराठीत एकच ‘पुरेसा’ लावून चालत नाही.

‘सफिशियंट’ हा कागदावरचा शब्द. नामाआधी बसतो, शेवटीही बसतो, पण विशेषणाच्या मागं कधीच जात नाही. ‘हॉट सफिशियंट’ होत नाही, तिथं ‘सफिशियंटली हॉट’ असं पुढं यावं लागतं. ‘सफिशियंट इनफ’ हे ऐकायला भारदस्त वाटतं, पण ती दुप्पट झालेली गोष्ट आहे, दोघांतला एक काढा. कोर्टकचेरीचं काम पडलेल्यांना हा शब्द ओळखीचा असेल. मुदत संपल्यावर अपील दाखल करायचं तर १९६३ च्या मुदत कायद्याच्या कलम ५ खाली ‘सफिशियंट कॉज’ दाखवावं लागतं. तिथं ‘इनफ कॉज’ लिहीत नाहीत. ‘सफिशियंट कॉज’ हा ठरलेला कायदेशीर शब्दप्रयोग आहे आणि अर्जात तोच वापरतात. खात्यात पैसे कमी म्हणून चेक परत आला की बँकेच्या मेमोवर ‘फंड्स इनसफिशियंट’ असतं. तो शब्द हलक्यानं घेऊ नये. १८८१ च्या चलनक्षम दस्तऐवज कायद्याचं कलम १३८ त्याच कारणावर उभं आहे, आणि मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस द्यायची, नोटीस पोहोचल्यावर समोरच्याला पैसे भरायला १५ दिवस, असा त्याचा हिशेब आहे. मोबाइलवर ‘इनसफिशियंट बॅलन्स’ आला तर पैसे जात नाहीत, एवढंच. चेकवर आला तर तारखा मोजायला लागायच्या.

गणितातही ‘सफिशियंट’च हवा. ‘नेसेसरी अँड सफिशियंट’ म्हणजे आवश्यक आणि पुरेशी अट. संख्येला ४ नं भाग जाणं ही ती सम असायला पुरेशी अट आहे, पण आवश्यक नाही. ६ ला ४ नं भाग जात नाही तरी ती सम आहे. स्पर्धा परीक्षेत ‘डेटा सफिशियन्सी’चे प्रश्न असतात, त्यात उत्तर काढायचंच नसतं. दिलेल्या माहितीवरून ते निघू शकतं का, एवढंच सांगायचं असतं. हे न कळल्यामुळं मुलं आकडेमोड करत बसतात आणि वेळ जातो.

औषधाच्या बाटलीवर घटकांच्या यादीत शेवटी ‘क्यू. एस.’ दिसतं. ते लॅटिन ‘क्वांटम सुफिसिट’ची आद्याक्षरं आहेत: ठरलेलं माप भरेपर्यंत लागेल तेवढं. आधी औषधी द्रव्यं मोजून घालायची, मग पाणी किंवा सिरपचा बेस ‘क्यू. एस.’ घालून माप पूर्ण करायचं. पाककृतीतलं ‘मीठ चवीपुरतं’ त्याच जातीचं आहे, फक्त तिथं माप जिभेचं.

‘अ‍ॅडिक्वेट’बद्दल नोकरी शोधणाऱ्यांनी जपून राहावं. पुण्याला, बेंगळूरला अर्ज पाठवताना ‘आय हॅव अ‍ॅडिक्वेट नॉलेज ऑफ टॅली’ असं लिहिलेलं असतं. लिहिणाऱ्याला म्हणायचंय, मला टॅली चांगलं येतं. वाचणाऱ्याला कळतं, कसंबसं भागेल एवढं येतं. ‘अ‍ॅडिक्वेट’ दर्जाबद्दल आला की तो ‘बरा, चालण्याजोगा’ या पायरीवर थांबतो. ‘हिज वर्क इज अ‍ॅडिक्वेट’ ही शाबासकी नव्हे. सोयी, पाणी, हवा, विश्रांती यांच्याबद्दल तो ठीक आहे: ‘अ‍ॅडिक्वेट व्हेंटिलेशन’, ‘अ‍ॅडिक्वेट रेस्ट’. स्वतःच्या कौशल्याबद्दल लिहिताना ‘गुड वर्किंग नॉलेज’ लिहा, आणि काय काय करता येतं ते नावानिशी सांगा. ‘अँपल’ या सगळ्यांच्या वरचा, म्हणजे मुबलक. पण त्यातच ‘पुरेशापेक्षा जास्त’ आलेलं असल्यामुळं ‘नॉट अँपल’ फारसं म्हणत नाहीत. कमतरता सांगायला इनफकडंच परत यावं लागतं.

उच्चारात दोन गोष्टी जपा. जोर दुसऱ्या अक्षरावर: इ-नफ. हा ‘नफ’ आपल्या ‘नफा’मधला, ‘इनॅफ’ नव्हे, ‘एनफ’ही नव्हे. शेवटचा ‘फ’ खालचा ओठ वरच्या दातांना टेकवून सोडायचा. दोन्ही ओठ मिटून फुलातला ‘फ’ काढला तर फोनवर तो ‘इनप’ ऐकू जातो. ई-एन-ओ-यू-जी-एच या स्पेलिंगमधल्या जी-एचचा ‘फ’ कसा झाला, हे मुलं विचारतात आणि त्यांना उत्तर मिळायला हवं. जुन्या इंग्रजीत हा शब्द ‘गेनोग’ असा होता, जर्मनमधला ‘गेनूक’ त्याचाच भाऊ. शेवटी घशातून निघणारा, ‘ख’ला घासून जाणारा आवाज होता आणि जी-एच ही त्या आवाजाची खूण होती. पुढं इंग्रजीतून तो आवाजच गेला. ‘थ्रू’, ‘दो’ या शब्दांत तो मुका झाला, आणि ‘रफ’, ‘टफ’, ‘लाफ’, ‘इनफ’मध्ये त्याचा ‘फ’ झाला. स्पेलिंग मात्र जुनंच राहिलं.

त्या शब्दाचं मूळ आणखी मागं नेलं तर ‘पोहोचणं’ या अर्थाच्या धातूपाशी जातं, आणि संस्कृतमधलं ‘अश्नोति’, म्हणजे तो पोहोचतो, मिळवतो, हे त्याच घराण्यातलं मानतात. आपलं ‘पुरणे’ आलंय ‘पूर्’वरून, भरण्यावरून, पुरणपोळीतलं पुरणही तिथलंच. पण मराठीत ‘पुरणे’ नुसतं भरण्यावर थांबलेलं नाही. फळीवरच्या डब्याला हात पुरत नाही, असं आपण म्हणतो तेव्हा ‘पुरत नाही’ म्हणजे पोहोचत नाही. दोन भाषा वेगवेगळ्या वाटेनं निघून एकाच ठिकाणी आल्यात, आणि हे वर्गात फळीकडं हात करून दाखवलं तर इनफचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही. ‘सफिशियंट’ मात्र लॅटिनच्या ‘पुरवणे’वरून आलाय आणि ‘अ‍ॅडिक्वेट’ ‘बरोबरीला आणणे’वरून, म्हणूनच तो बरोबरीच्या वर जात नाही.

काही ठरलेल्या जोड्यांत इनफचा पुरेसेपणाशी संबंधच उरलेला नाही. ‘फेअर इनफ’ म्हणजे ‘बरं, पटलं’. पूर्ण पटलंच असेल असं नाही, पण वाद थांबवला. ‘शुअर इनफ’ म्हणजे ‘म्हटलं होतं तसंच झालं’. ‘ऑडली इनफ’, ‘फनिली इनफ’ म्हणजे ‘नवल म्हणजे’. ‘ही इज अ नाइस इनफ फेलो’ ही स्तुती समजून खूश होऊ नका, त्यात आपलं ‘तसा बरा आहे’ मधलं ‘तसा’ आहे. ‘आय कान्ट थँक यू इनफ’ याचं शब्दशः भाषांतर केलं तर ‘मी तुमचे पुरेसे आभार मानू शकत नाही’ असं कोरडं, जवळजवळ नकारासारखं वाक्य होतं. तिथं आपण म्हणतो, ‘तुमचे आभार मानावेत तेवढे थोडेच’. हा ‘तेवढे थोडेच’ कुठल्याही शब्दकोशात इनफसमोर सापडणार नाही, पण भाषांतर करणाऱ्यानं वहीत टिपून ठेवावा.

सरावासाठी ही वाक्यं आधी स्वतः करून बघा, उत्तर लगेच वाचू नका. रोपलावणीपुरता पाऊस झाला. पोत्याचं तोंड बांधण्याइतपत सुतळी लांब नाही. मोठ्या पिशव्या पुरेशा आहेत, पण एकही पुरेशी मोठी नाही. कचेरीतल्या साहेबाला कळण्याइतपत कानडी मला येतं.

पहिल्यात नाम आहे, म्हणून ‘देअर हॅज बीन इनफ रेन फॉर ट्रान्सप्लांटिंग’. दुसऱ्यात विशेषण आणि नकार: ‘द ट्वाइन इजन्ट लाँग इनफ टु टाय द सॅक’. तिसऱ्यात दोन्ही जागा एकाच वाक्यात: ‘देअर आर इनफ बिग बॅग्ज, बट नन ऑफ देम इज बिग इनफ’. चौथ्यात विशेषणासारखा दिसणारा ‘इतपत’ आहे, पण कानडी हे नाम आहे, त्यामुळं आरसा लावायचा नाही आणि इनफ पुढं येतो: ‘आय नो इनफ कन्नड फॉर द ऑफिसर टु अंडरस्टँड मी’. इथं शेवटी ‘मी’ हे कर्म लागतंच, कारण साहेबाला कळायचंय ते माझं बोलणं. ते गाळलं तर साहेबाला काय कळायचंय तेच वाक्यात राहत नाही.